गच्चीवरचा रास्पबेरी पाय आणि तुटणारे वायफाय: दोष शोधत बसावे, की सरळ केबल टाकावी?

धागाकर्ता (मनीषनगर)

संक्रांतीनंतरच्या शनिवारी आकाश चांगले होते, म्हणून गच्चीवरून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे, म्हणजे एम ४२ चे, तीन-तीन मिनिटांचे साठ फोटो घ्यायचे ठरवले. दुर्बिणीला ताऱ्यांच्या मागे फिरवणाऱ्या माउंटच्या पायाशी एका पेटीत रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’) ठेवलेला आहे. मुख्य कॅमेरा, गायडिंगचा (माउंट ताऱ्यामागे नीट चालतो का हे पाहणारा) कॅमेरा आणि माउंट त्याला यूएसबीने जोडलेले असून त्यावर ही उपकरणे हाताळणारा इंडी सर्व्हर चालतो. आकाशाचा नकाशा दाखवणारा केस्टार्स आणि त्यातला फोटोंचा सारा क्रम चालवणारा ईकॉस हे प्रोग्राम मात्र खाली पहिल्या मजल्यावर माझ्या लॅपटॉपवर. दोघांना जोडणारा दुवा घरातल्या वायफायचा.

पावणेआठला सुरुवात करून मी खाली आलो, घरी पाहुणे होते, त्यांच्यात बसलो आणि साडेअकराला पाहिले तर अकराच फोटो निघाले होते. संपर्क साडेआठच्या आधीच तुटला होता. फोटो गेले याची हळहळ वाटलीच, पण धडकी भरली ती गच्चीवर गेल्यावर. एम ४२ ने रात्री दहाच्या पुढे याम्योत्तर वृत्त (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडले, तेव्हा दुर्बीण दुसऱ्या बाजूला फिरवण्याची आज्ञा देणारा लॅपटॉपच संपर्कात नव्हता. त्यामुळे माउंट बापडा तेजोमेघाच्या मागे इमानाने चालत राहिला आणि कॅमेरा ट्रायपॉडच्या पायाला टेकायला जेमतेम चार बोटे उरली होती.

गेले तीन महिने मी हे वायफाय दुरुस्त करतो आहे. चॅनेल १, ६ आणि ११ आलटून पालटून पाहिले, राउटर जिन्यात आणून ठेवला, पायच्या वायफायची वीजबचत बंद केली. प्रत्येक उपायानंतर दोन रात्री बऱ्या जातात आणि तिसऱ्या रात्री पुन्हा तेच. आता माझे मत असे झाले आहे की मध्ये लोखंडी सळ्यांचा स्लॅब, शेजारी पाण्याची टाकी आणि आजूबाजूला वीस-बावीस घरांचे राउटर असताना वायफायवर दुर्बीण चालवण्याचा हट्टच चुकीचा आहे. बाहेर वापरायची कॅट ६ नेटवर्क केबल शंभर मीटरपर्यंत निर्धास्त चालते, मला अठरा मीटर पुरेल. नागपुरात स्वच्छ रात्री मोजक्याच मिळतात, त्या संदेशलहरींच्या तपासात घालवण्यात शहाणपण नाही. इतरांचे मत वेगळे असल्यास जरूर सांगावे.

धरमपेठी

मत वेगळे आहे, आणि चांगलेच वेगळे आहे. तुम्ही तीन महिने उपाय केलेत, निदान एकदाही केले नाही. चॅनेल बदलणे म्हणजे ताप का आला हे न पाहता गोळ्या बदलत राहणे.

तुमचा मुख्य कॅमेरा पायच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या खाचेत आहे का? असल्यास स्लॅब आणि टाकी यांना दोष देण्यापूर्वी तिकडे पाहा. यूएसबी ३ च्या जोडणीतून निघणारा विद्युत गोंगाट वायफायच्या २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, हे इंटेलने २०१२ मध्येच मोजमापांसह प्रसिद्ध केले आहे. पायचा अँटेना बोर्डावरच, त्या खाचांपासून काही सेंटिमीटरवर आहे. म्हणजे कॅमेरा फोटो पाठवू लागला की अँटेनाच्या कानाशी कोणी ढोल वाजवावा तसे होते, आणि खालच्या राउटरचा आधीच क्षीण झालेला आवाज त्यात बुडून जातो. दोन बऱ्या रात्रींनंतरची तिसरी वाईट रात्र यातून सहज समजते, कारण पेटीत केबल जरा वेगळी वळली तरी गोंगाटाची मात्रा बदलते.

चाचणी अगदी सोपी आहे. लॅपटॉपवरून पायला सतत पिंग करत, म्हणजे उत्तर मागणारे छोटे संदेश पाठवत राहा. आधी कॅमेरा काढून पाच मिनिटे, मग कॅमेरा जोडून एक-एक सेकंदाचे फोटो घेत पाच मिनिटे. दुसऱ्या वेळी उत्तरे गळू लागली तर चोर सापडला. मग कॅमेरा काळ्या, यूएसबी २ च्या खाचेत लावा. तीन मिनिटांच्या फोटोला उतरायला दोन सेकंद जास्त लागले तर काही बिघडत नाही. किंवा ५ गीगाहर्ट्झवर जा, तिथे हा गोंगाट जवळपास पोचत नाही.

पायवर मॉनिटर किंवा मॉनिटरचे सोंग करणारा एचडीएमआय प्लग लावला असेल तर त्याचे रिझोल्यूशनही तपासा. २५६० बाय १४४० वर, सेकंदाला ६० चित्रे असताना, एचडीएमआयच्या प्रत्येक वाहिनीवरचा वेग सेकंदाला सुमारे २.४१५ अब्ज बिट होतो, आणि वायफायचे चॅनेल १ आहे २.४१२ गीगाहर्ट्झवर, म्हणजे जवळपास त्याच जागी, त्यामुळे तिथूनही गोंगाट होऊ शकतो.

जुना वायरमन

दोघेही वायफायबद्दल बोलत आहात, विजेबद्दल कोणीच नाही. धागाकर्त्यांनी पायला वीज कुठून दिली आहे? १२ व्होल्टच्या बॅटरीवरून स्वस्तातला कन्व्हर्टर आणि पुढे दोन मीटर बारीक तार, अशी मांडणी मी नागपुरातल्या तीन गच्च्यांवर पाहिली आहे. टेबलावर मोजले की ५ व्होल्ट दिसतात. दोन कॅमेरे पायमधून वीज ओढू लागले की तारेतच विजेचा दाब (व्होल्टेज) घसरतो. तो ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पाय स्वतःच कमी दाबाची नोंद करतो. थ्रॉटलिंगची (कमी दाब, वेग कमी होणे यांची) स्थिती विचारणारी आज्ञा पायला देऊन पाहा, उत्तर निव्वळ शून्य आले पाहिजे. तसे नसेल तर केबल टाकूनही रडगाणे संपणार नाही, कारण मग वायफायऐवजी कॅमेरा तुटेल आणि एखाद्या रात्री मेमरी कार्डही जाईल. तार आखूड आणि जाड घ्या, कॅमेऱ्यांना स्वतंत्र वीज असलेला हब द्या.

सिल्लारीचा प्रवासी

केबलचा आग्रह हा घरी गच्ची असणाऱ्यांचा आग्रह आहे. कोराडीच्या बाजूने उजळलेल्या आकाशाखाली मीही दोन वर्षे फोटो काढले, आणि आता अमावस्येच्या आसपास पेंचकडेच जातो. त्या जंगलाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली. तिथे राउटर नसतो आणि मोबाइलच्या नेटवर्कवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून पायलाच हॉटस्पॉट करायचा आणि आठ-दहा मीटरवर गाडीत बसून टॅबलेटवर पाहायचे. मध्ये स्लॅब नाही, शेजाऱ्यांचे राउटर नाहीत. तिथे ५ गीगाहर्ट्झचे चॅनेल ३६ उत्तम चालते. वायफायसाठी देश म्हणून भारत निवडलेला असला पाहिजे, नाहीतर पायचे वायफाय सुरूच होत नाही, आणि हे नेमके जंगलात गेल्यावर लक्षात येते (अनुभव).

अडचण तिथेही आली होती. माझा पाय पूर्ण ॲल्युमिनियमच्या पेटीत होता, थंड राहावा म्हणून घेतलेल्या. पेटीने पाय थंड ठेवला आणि अँटेनाही झाकला. सहा मीटरवर सिग्नल उणे ७८ डीबीएम होता (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल बळकट), प्लास्टिकच्या पेटीत घातल्यावर उणे ५५ झाला. धागाकर्त्यांनी आपली पेटी कशाची आहे हे लिहिलेले नाही.

रात्रपाळी

मला धागाकर्ते आणि धरमपेठी या दोघांचेही म्हणणे मुद्दा सोडून गेल्यासारखे वाटते. वायफाय का तुटले हा प्रश्न दुय्यम आहे. वायफाय तुटल्यावर फोटो का थांबले आणि दुर्बीण ट्रायपॉडवर आदळण्याच्या बेतात का आली, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पहिल्याच परिच्छेदात आहे: ईकॉस लॅपटॉपवर होते. म्हणजे हातपाय गच्चीवर, डोके पहिल्या मजल्यावर आणि मान वायफायची.

केस्टार्स आणि ईकॉस पायवरच चालवा आणि लॅपटॉपवरून त्याचा पडदा फक्त पाहा. मग संपर्क तुटला तर तुमचे पाहणे थांबेल. फोटो, गायडिंग आणि याम्योत्तरावरची पलटी चालूच राहील. फाइलही पायला जोडलेल्या एसएसडीवर जतन करा. २६ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा सोळा बिटांचा एक फोटो सुमारे ५२ मेगाबाइटचा असतो. तो सेकंदाला २० मेगाबिटच्या वायफायवरून खाली न्यायला वीस सेकंद लागतात, आणि त्याच वाटेने दर दोन सेकंदांनी गायडिंगचे चित्रही जात असते. इतके ओझे टाकल्यावर वायफाय कुरकुरले तर त्याचे काय चुकले? आणि माउंटमध्येच याम्योत्तरापलीकडची मर्यादा घालता येत असेल तर ती आजच घाला, म्हणजे पायच बंद पडला तरी दुर्बीण थांबेल.

धागाकर्ता (मनीषनगर)

काल रात्री चाचण्या केल्या. कॅमेरा काढलेला असताना शंभर पिंगांपैकी एक गळाला, निळ्या खाचेत जोडून फोटो घेताना एकतीस गळाले, काळ्या खाचेत दोन. धरमपेठी यांचे म्हणणे खरे ठरले, आणि स्लॅबवर मी विनाकारण राग काढला, हे मान्य करतो. पेटी प्लास्टिकचीच आहे. कमी दाबाची नोंदही सापडली, वायरमन यांनी ओळखलेली तार बारीकच निघाली.

तरीही केबलबद्दलचे माझे मत बदललेले नाही. एक दोष सापडला म्हणून दुसरा नसेल असे कोण सांगणार? शेजारी उद्या नवा राउटर आणतील, त्यावर माझा ताबा नाही, केबलवर आहे.

धरमपेठी

केबलवर ताबा असतो हे ऐकून मौज वाटली. माझी केबल पहिल्या वर्षी खारीने कुरतडली, आणि दुसरीचे आवरण ४५ अंशांच्या मे महिन्यात बिस्किटासारखे तडकले. शिवाय ईकॉस पायवर नेल्यानंतर केबल कशासाठी, याचे उत्तर तुम्ही दिलेले नाही. फक्त पडदा पाहण्यासाठी काळी खाच आणि ५ गीगाहर्ट्झ भरपूर झाले. पुढे पेंचला जाल तेव्हा अठरा मीटर केबल गच्चीवरच राहील.

धागाकर्ता (मनीषनगर)

उत्तर असे की रात्री फोकस पाहताना पडदा अडखळला तर मला दर वेळी जिना चढावा लागतो, आणि गुडघे आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. खारीचा मुद्दा मात्र घेतला. केबल काळ्या पॉलिथिन आवरणाची घेऊन पीव्हीसी पाइपातून नेईन, म्हणजे उन्हाचाही बंदोबस्त होईल. ईकॉस आज पायवर हलवले, माउंटमध्ये मर्यादा घातली, तार बदलली आणि कॅमेरा काळ्या खाचेत लावला. वायफायही चालूच ठेवतो आहे. पाइप टाकेपर्यंत या शनिवारी पुन्हा एम ४२, साठ फोटो, आणि या वेळी लॅपटॉप साडेआठला मुद्दाम बंद करणार आहे.