अ‍ॅनोडला सरसकट 'धनाग्र' म्हणावं का? (बॅटरीवरच्या अहवालातली तीन वाक्यं)

पाटीपेन्सिल
सोडियम-आयन बॅटरीवरच्या अहवालाचा मराठी मसुदा दुरुस्त करायचा आहे. वाचक डिप्लोमाचे विद्यार्थी आणि सोलर-इन्व्हर्टर बसवणारे तंत्रज्ञ. तीन वाक्यं अडली आहेत.

१) चार्जिंगच्या वेळी सोडियमचे आयन ऋणाग्राकडून धनाग्राकडे जातात व कठीण कार्बनच्या थरांमध्ये साठवले जातात.
२) ४,००० आवर्तनांनंतर घटाची क्षमता २० टक्क्यांनी घट दर्शवते.
३) ही उदयोन्मुख विजेरी १६० वॉट-तास प्रति किलो इतकी ऊर्जाघनता प्रदान करते.

पहिलं वाक्य मला उलटं वाटतं. तपासणाऱ्यांचं म्हणणं, पाठ्यपुस्तकात अ‍ॅनोड म्हणजे धनाग्र आणि कॅथोड म्हणजे ऋणाग्र, मग बिघडलं कुठे?

ओहममापी
उलटंच आहे. पाठ्यपुस्तकातली जोडी विद्युत अपघटनाच्या धड्यातली आहे. अ‍ॅल्युमिनियम काढताना बाहेरून वीज देतात, पुरवठ्याचं धन टोक ग्रॅफाइटच्या कांड्यांना जोडतात, म्हणून तिथे अ‍ॅनोड धन असतो. पण अ‍ॅनोडची व्याख्या चिन्हावर नाही, ऑक्सिडीकरणावर, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटण्यावर आहे. बॅटरी वीज देत असते तेव्हा ऑक्सिडीकरण ऋण बाजूला होतं, म्हणजे अ‍ॅनोड ऋण. चार्ज करताना क्रिया फिरते, तरी बॅटरीवाले नावं फिरवत नाहीत. डिस्चार्जच्या वेळची नावं कायम धरतात. म्हणून बॅटरीच्या लेखनात कॅथोड म्हणजे नेहमी धन बाजू.

वाक्य असं करा: 'चार्ज होताना सोडियमचे आयन धन इलेक्ट्रोडमधून सुटतात, इलेक्ट्रोलाइटमधून पलीकडे जातात आणि ऋण इलेक्ट्रोडच्या हार्ड कार्बनमध्ये शिरतात.' सुरुवातीला एकदाच सांगा की उद्योगात यांना अनुक्रमे कॅथोड आणि अ‍ॅनोड म्हणतात.

'कठीण कार्बन' काढाच. हा कार्बन हाताला लागणाऱ्या कठीणपणावरून ठरत नाही. ३,००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवूनही ज्याचा ग्रॅफाइट होत नाही तो हार्ड कार्बन. त्याचे थर वेडेवाकडे असतात आणि मध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात. सोडियम थरांमध्ये आणि पोकळ्यांमध्ये, दोन्हीकडे बसतो, म्हणून नुसतं 'थरांमध्ये' अपुरं आहे. साध्या ग्रॅफाइटमध्ये लिथियम छान मावतो, सोडियम जवळपास मावत नाही. हार्ड कार्बन वापरण्याचं कारणच ते.

चिन्हाची चूक इथे जास्त महागात पडते. लिथियमच्या सेलमध्ये ऋण बाजूचं फॉइल तांब्याचं आणि धन बाजूचं अ‍ॅल्युमिनियमचं असतं, म्हणजे उघडलेला सेल रंगावरूनही ओळखू येतो. सोडियमचा अ‍ॅल्युमिनियमशी मिश्रधातू होत नाही, म्हणून तिथे दोन्हीकडे अ‍ॅल्युमिनियम चालतं. रंगाची खूण गेली, उरले फक्त तुमचे शब्द.

अनुस्वार
स्पष्टीकरण मान्य, उपाय अमान्य. 'धनाग्र' हा शब्द निर्दोष आहे. धन अधिक अग्र, म्हणजे धन चिन्हाचं टोक. फॅरडेने १८३४ मध्ये अ‍ॅनोड-कॅथोड रूढ केले ते ग्रीकमधल्या 'वर जाणारी वाट' आणि 'खाली जाणारी वाट' यांवरून. त्यांत चिन्ह नाही. आपल्या शब्दात आहे. मग धन बाजूला धनाग्र म्हणा, अपघटनातही आणि बॅटरीतही, कुठेच अडणार नाही. चूक धनाग्राला अ‍ॅनोडचा प्रतिशब्द मानण्यात आहे. ती सोडून 'इलेक्ट्रोड' आणायचं कारण काय?

ओहममापी
कारण वाचकाने दहावीत 'अ‍ॅनोड = धनाग्र' पाठ केलं आहे. त्याच्या हातातल्या माहितीपत्रकावर 'अ‍ॅनोड: हार्ड कार्बन' छापलेलं असतं. तुमचा धनाग्र वाचून तो नेमका त्याच बाजूला जाईल. शब्द निर्दोष असून भागत नाही, वाचणाऱ्याच्या डोक्यात आधी काय बसलंय तेही पाहावं लागतं.

बोरूबहाद्दर
दुसऱ्या वाक्याबद्दल. 'घटाची क्षमता घट दर्शवते' यात एकच शब्द दोन अर्थांनी आला आहे, वाचक अडखळणारच. आणि '२० टक्क्यांनी' मधला 'नी' छपाईत 'वर' झाला तर ८०ची २० होते. उरलेला आकडा लिहा: '४,००० वेळा चार्ज-डिस्चार्ज केल्यावर सेलची मूळ क्षमतेच्या ८० टक्के क्षमता उरते.' सोबत तापमान, किती खोलवर डिस्चार्ज केलं आणि किती वेगाने, हे तिन्ही हवं. त्याशिवाय ४,००० या आकड्याची कशाशी तुलनाच होत नाही.

तिसऱ्यात 'प्रदान करते' नको. दर किलोमागे मोजलेली असेल तर 'विशिष्ट ऊर्जा' म्हणा, विशिष्ट उष्मा म्हणतो तसं. 'ऊर्जाघनता' दर लिटरसाठी राखून ठेवा. शिवाय १६० हा सीएटीएल या चिनी बॅटरी कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केलेला आकडा असेल तर तो एका सेलचा आहे. पेटी, वायरिंग आणि नियंत्रक धरून अख्ख्या पॅकचा आकडा खाली येतो. तेव्हा 'बॅटरी' नको, 'सेल' लिहा.

कंदील
'विजेरी' म्हणजे टॉर्च. पुष्कळांच्या डोक्यात तोच अर्थ आधी येतो.

अनुस्वार
गावात 'बॅटरी' म्हणजेही टॉर्चच. रात्री पिकाला पाणी द्यायला जाताना बॅटरी घेतात ती कोणती? मग तोही शब्द टाकायचा का? विश्वकोशात विद्युत् घट आणि घटमाला आहेत, पाठ्यपुस्तकात सौर विद्युत घट आहे. एक आणि अनेक हा फरक त्यांत नावातच दिसतो. बातम्यांमधल्या 'इंधन पेशी'पेक्षा 'इंधन घट' शंभरदा बरा.

कंदील
पेशी नकोच, ती जीवशास्त्रात राहू द्या. पण 'घटमाला' दुकानात कोणी मागत नाही. आणि बॅटरी आता पुरती मराठी झाली आहे: बॅटरी, बॅटऱ्या, बॅटऱ्यांना, बॅटरीत. 'इलेक्ट्रोडमध्ये'च म्हणावं लागतं, 'इलेक्ट्रोडात' कोणी म्हणत नाही, म्हणजे तो शब्द अजून पाहुणा आहे.

बोरूबहाद्दर
ही कसोटी टिकत नाही. 'पेनाने' आणि 'टेबलावर' होतं, पण 'मोबाइलावर' होत नाही. म्हणून मोबाइल पाहुणा का?

अनुस्वार
'मोबाइलावर' होईल, वेळ द्या. 'सेलाची क्षमता' आजही चालेल, फक्त लिहिण्याचं धाडस हवं.

पाटीपेन्सिल
दुसरं आणि तिसरं वाक्य बदललं. पहिल्यात धनाग्र ठेवू की धन इलेक्ट्रोड? मसुदा परत द्यायचा आहे.

कंदील
धन इलेक्ट्रोड.

अनुस्वार
धनाग्र, आणि पहिल्याच पानावर चौकट: 'या अहवालात धनाग्र म्हणजे बॅटरीचं धन टोक, अ‍ॅनोड नव्हे.'

ओहममापी
चौकट सुटी पानं वाचणाऱ्याला दिसत नाही. 'सेलाची' मात्र लिहू नका, सेल म्हणजे दुकानातली सवलत असा अर्थ आधीच डोक्यात असतो.

बोरूबहाद्दर
तो सेल आणि हा सेल, दोन्हींचं लिंग एकच की वेगळं? माझ्या मते दोन्ही पुल्लिंगी, पण 'सेल लागली' असंही सर्रास ऐकू येतं.