मदत हवी आहे: ग्राफिक्स कार्ड आत्ता घेऊ की दिवाळी सेलपर्यंत थांबू? (बजेट २० हजार)

शूटवाला_मानेवाडा
नमस्कार, मी नागपूरचा. माझ्याकडे जीटीएक्स १०५० टीआय आहे, ४ जीबीचं. आता अजिबात ओढत नाही. प्ले केलं की अडकतं, चार पावलं पुढे जातं, परत अडकतं. बजेट २० हजार, फार तर हजारभर वर. तुळशीच्या लग्नानंतर कामं सुरू होतात, त्याआधी मशीन तयार पाहिजे. बर्डीच्या बाजारात एक जण वापरलेलं आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) १६ हजारांत देतोय, उद्यापर्यंत सांगा म्हणाला. घेऊन टाकू का? लवकर सांगा.

गेमर_खामला
डोळे झाकून घ्या भाऊ. १०८०पी ला सगळे गेम मस्त चालतात, मी दोन वर्षांपासून वापरून राहिलो.

लाल_टीम
वापरलेलं कशाला? त्याच बजेटच्या आसपास नवीन आरएक्स ६६०० बघा, वॉरंटीसकट. ८ जीबी आहे, वीजही कमी खातं, १३२ वॅट. ३०६० ला १७० लागतात.

वॅट_मोजा
धागाकर्ते, प्रोसेसर कोणता, बोर्ड कोणता, रॅम किती, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कुठला? आणि गेम खेळता की काही काम करता? हे सांगितल्याशिवाय कोणीही सांगितलेलं कार्ड घेऊ नका.

शूटवाला_मानेवाडा
प्रोसेसर आय५ आहे, चांगला आहे. एसएमपीएस ४५० वॅटचा. गेम नाही खेळत, लग्नाचे व्हिडिओ प्रीमियरवर एडिट करतो. कार्डाचं सांगा ना.

वॅट_मोजा
आय५ तर २००९ पासून येत आहेत. पूर्ण नंबर द्या. आणि कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरच्या स्टिकरवर +१२ व्होटच्या रकान्यात किती ॲम्पियर लिहिलंय ते वाचून सांगा. मोठ्या अक्षरातल्या ४५० वर जाऊ नका.

खसखस_कूलर
माझा अनुभव सांगतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कोणतंही कार्ड घ्या, आधी खोलीचं बघा. कूलरची हवा सरळ कॅबिनेटवर येत असेल तर धूळ आणि ओल मिळून पंख्यांवर चिखल बसतो. मी कूलर खिडकीत सरकवला तेव्हापासून सुखी आहे.

गेमर_खामला
आता ऑक्टोबर चालू आहे बावा, कूलरचं काहून काढलं?

खसखस_कूलर
कार्ड काय फक्त हिवाळ्यापुरतं घेणार आहेत का? मे मधली लग्नंही यांनाच एडिट करायची आहेत.

शूटवाला_मानेवाडा
आय५-९४००एफ, बोर्ड एच३१०, रॅम १६ जीबी. स्टिकरवर +१२V : १८A आहे. खोलीत कूलर नाही. १६ हजारवाल्याचा फोन येऊन गेला.

वॅट_मोजा
१२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. तुमच्या एसएमपीएसची १२ व्होटची लाइन एवढंच देते आणि कार्ड न् प्रोसेसर दोघंही त्याच लाइनवर जगतात. ३०६० चे १७०, प्रोसेसरचे ६५, झाले २३५. पंखे, डिस्क तर धरलेच नाहीत. रेंडरला लावलं की मशीन बंद पडेल, आणि तेही डिलिव्हरीच्या आदल्या रात्री. १०५० टीआयला स्लॉटमधूनच ७५ वॅट पुरतात म्हणून आजवर निभावलं. ३०६० घ्यायचं तर चांगला ५५० वॅटचा एसएमपीएस त्याच्याबरोबरच बजेटमध्ये धरा.

लाल_टीम
म्हणूनच म्हटलं, ६६०० घ्या. १३२ अधिक ६५, १९७. बसतं.

वॅट_मोजा
कागदावर बसतं. लोकल एसएमपीएसला काठोकाठ चालवायचं नसतं. नवीनच पाहिजे असेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल ७० वॅटचं आहे, वेगळी पॉवर केबलही लागत नाही.

लाल_टीम
६ जीबी मेमरीत फोर-के एडिटिंग? पैसे पाण्यात घालायला सांगताय.

फ्रेम_बाय_फ्रेम
दादा, मीही एडिटिंगच करते, धरमपेठेत. कार्ड बाजूला ठेवा, आधी हे सांगा: अडकणं कधीपासून सुरू झालं? तेव्हा कॅमेरा बदलला होता का? फुटेज कोणत्या फॉरमॅटचं आहे?

शूटवाला_मानेवाडा
हो ताई, उन्हाळ्यात पार्टनरने नवीन कॅमेरा घेतला. तेव्हापासूनच. ४:२:२, १० बिट, एच.२६५ वर शूट करतो, रंग चांगले निघतात म्हणून. जुन्या कॅमेऱ्याचं फुटेज अजूनही व्यवस्थित चालतं.

फ्रेम_बाय_फ्रेम
मग दुखणं कार्डाच्या वयाचं नाही. एच.२६५ म्हणजे फुटेज दाबून छोटं करायची पद्धत, आणि ४:२:२ म्हणजे त्यात ४:२:० पेक्षा रंगाची माहिती जास्त. ते उलगडायचं (डीकोड) काम कार्डाला जमलं नाही की सगळं प्रोसेसरवर, म्हणजे सीपीयूवर पडतं. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयू निवडा, तिथे "व्हिडिओ डीकोड" नावाचा आलेख असतो. नवीन फुटेज प्ले करताना तो शून्यावर झोपलेला दिसेल आणि सीपीयू १०० टक्क्यांना टेकलेला.

एच.२६५ चं ४:२:२ उलगडायचं हार्डवेअर एनव्हिडियाने आरटीएक्स ५० सिरीजमध्ये पहिल्यांदा दिलं. ३०६० मध्ये ते नाही, ४०६० मध्येही नाही, तुमच्या १०५० टीआयमध्ये तर नाहीच. इंटेलच्या ११व्या जनरेशनपासून पुढच्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स हे काम करतं, पण तुमच्या ९४००एफ मधल्या "एफ"चा अर्थच अंगचं ग्राफिक्स नाही असा. म्हणजे १६ हजारांचं ३०६० बसवलं तरी टाइमलाइन आज जशी अडकते तशीच अडकेल. इफेक्ट आणि एक्सपोर्ट थोडे वेगात होतील, एवढंच.

निळा_झेंडा
मग इंटेलचं आर्क घ्या! ४:२:२ हार्डवेअरमध्ये उलगडतं. बी५८० ला १२ जीबी आहे.

वॅट_मोजा
आर्कला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि इंटेल स्वतः १०व्या जनरेशनपासून पुढचेच प्रोसेसर सांगतं. यांचा ९वा आहे. शिवाय बी५८० म्हणजे १९० वॅट. कुठून आणणार?

निळा_झेंडा
काही बोर्डांना बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट आलेत. माझ्या मित्राकडे चालून राहिलं.

फ्रेम_बाय_फ्रेम
मित्राकडे चालतं म्हणून सीझनच्या तोंडावर जुगार नको. दादा, आज एक पैसा न घालता दोन गोष्टी करा.

एक, प्रॉक्सी करा, म्हणजे फुटेजची एडिटिंगपुरती हलकी नक्कल. प्रीमियरच्या बिनमध्ये (क्लिपांच्या फोल्डरमध्ये) क्लिप निवडा, राइट क्लिक, प्रॉक्सी, क्रिएट प्रॉक्सीज. प्रोरेसचा प्रॉक्सी प्रीसेट घ्या, रात्री लावून झोपा. सकाळी प्रोग्रॅम मॉनिटरखालचं "टॉगल प्रॉक्सीज" बटण दाबून एडिट करा. एक्सपोर्ट मूळ फुटेजवरूनच होतो, क्वालिटी कुठेही जात नाही. फक्त डिस्कवर जागा मोकळी ठेवा.

दुसरं, कॅमेऱ्यात ४:२:० चा पर्याय असेल तर पुढचं लग्न १० बिट ४:२:० वर शूट करून बघा. ते तुमचं आत्ताचं कार्डही हार्डवेअरमध्ये उलगडतं. हळदीच्या पिवळ्या रंगात गिऱ्हाइकाला फरक दिसणार नाही. ग्रीन स्क्रीनचं काम असेल तरच ४:२:२ चा हट्ट धरा.

लॅपटॉप_बरा
एवढी झंझट करण्यापेक्षा हप्त्यावर लॅपटॉप घ्या, लाइट गेली तरी काम चालू.

गेमर_खामला
पण ताई, १०५० टीआय एनव्हिडियाच्या जुन्या पास्कल पिढीचं कार्ड आहे. ऑक्टोबर २०२५ पासून त्याला नवीन गेम रेडी ड्रायव्हर बंद झालेत. कधीतरी बदलावंच लागेल ना.

फ्रेम_बाय_फ्रेम
बदलावं लागेल, उद्या नाही. सिक्युरिटी अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येणार आहेत.

शूटवाला_मानेवाडा
आलेख बघितला. डीकोड शून्य, सीपीयू १००. एका लग्नातल्या संगीत कार्यक्रमाच्या फुटेजच्या प्रॉक्सी रात्री लावल्या, आज दोन कॅमेऱ्यांची टाइमलाइन न अडकता चालली. बर्डीवाल्याला नको म्हणून कळवलं. दिवाळीत फक्त एसएमपीएस घेतो. सीझन झाला की हातात पैसा बघून ५० सिरीजचं कार्ड घ्यायचं की प्रोसेसर-बोर्डच बदलायचा ते ठरवतो. एसएमपीएस ५५० चा पुरेल की ६५० चा घेऊ?

वॅट_मोजा
५५० पुरतो. ८० प्लस ब्रॉन्झचा (वीज कमी वाया घालवतो असा) शिक्का, बिल पक्कं, आणि विकत घ्यायच्या आधी १२ व्होटचा रकाना दुकानातच वाचा, ४० ॲम्पियरच्या पुढे पाहिजे.

लाल_टीम
६५० घ्या. थोड्याच पैशांचा फरक असतो आणि पुढच्या कार्डाला कामी येतो.