जांभळ्या शाईतली पत्रं: कोच स्नायडरबद्दलचे अनुभव लिहा

कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकलेले, तिच्या गावात म्हणजे मॅनहॅटनला (न्यूयॉर्कवालं नव्हे, कॅन्ससमधलं) राहिलेले बरेच मराठी लोक आहेत म्हणून हा धागा काढतेय. अमेरिकन फुटबॉल, म्हणजे तो अंडाकृती बॉल हातात घेऊन पळायचा तो. बिल स्नायडर १९८९ ते २००५ आणि परत २००९ ते २०१८ आपले कोच होते. २१५ मॅचेस जिंकल्या हे सगळ्यांना माहितीये, पण लोक त्यांना इतकं का मानतात? तुम्ही जे पाहिलं-ऐकलं ते लिहा.

राहुरीकर: मी ॲग्रोनॉमीला होतो. लॅबमधले म्हातारे टेक्निशियन कायम १९८९ चं सांगायचे. ऑक्टोबर १९८६ पासून टीमने एकही मॅच जिंकलेली नव्हती, अशा ठिकाणी हा माणूस आला. ३० सप्टेंबरला नॉर्थ टेक्सासविरुद्ध अगदी शेवटच्या चालीला टचडाउन (बॉल समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार नेला की मिळतात ते पॉइंट्स), २०-१७ ने जिंकले, आणि लोक मैदानात घुसले. त्या सीझनमधला तेवढा एकच विजय बरं का, बाकी दहा हरले! तरी ते काका १९९८ च्या, रँकिंगमध्ये नंबर वनला पोचलेल्या टीमपेक्षा याच वर्षाबद्दल जास्त बोलायचे, कारण हरत असतानाही हा माणूस पोरांशी कसा वागतो ते गावाने तेव्हाच बघितलं होतं.

ज्वारीताई: पत्रांचं कुणीच कसं नाही लिहिलं अजून? समोरच्या टीमचा पोरगा जखमी झाला किंवा चांगला खेळला की स्नायडर त्याला हाताने पत्र लिहायचे, जांभळ्या शाईत. माझ्या रूममेटचा भाऊ दुसऱ्या कॉलेजकडून खेळायचा, गुडघा गेला त्याचा, आणि आठवड्याभरात पत्र घरी. मी ते हातात घेऊन वाचलंय. छोटंसंच, अक्षर तिरकं, लवकर बरा हो आणि तुझा खेळ आवडला एवढंच. त्या पोराचा यांना काही उपयोग नव्हता हो, उलट पुढच्या वर्षी तो यांच्याच विरुद्ध खेळणार होता! तिच्या आईने ते फ्रेम करून घेतलं.

ओव्हरलँडपार्क_आई: माझा लेक हायस्कूलला खेळतो म्हणून मला जॉर्डी नेल्सन महत्त्वाचा वाटतो. शेजारच्याच रायली गावचा शेतकऱ्याचा मुलगा, स्कॉलरशिप नाही, वॉक-ऑन म्हणून आला. स्नायडरनी त्याला डिफेन्समधून काढून रिसीव्हर (फेकलेला बॉल झेलणारा) केलं आणि पुढे तो पॅकर्स या व्यावसायिक टीमकडून सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची फायनल, जिंकला. असे बिनस्कॉलरशिपचे कितीतरी गावाकडचे पोरं त्यांनी घडवले, आणि ते आयुष्यभर त्यांचे राहिले.

विदर्भी_वाइल्डकॅट: थोडं वेगळं मत. शेवटी शेवटी त्यांचं हट्टीपण जास्तच झालं होतं. २०१७ ला एका पोराला दुसऱ्या कॉलेजला जायचं होतं तर आधी अडवलं, वर त्याच्याबद्दल बोलू नये ते जाहीर बोलले. माझ्या मते साफ चूक. पण नंतर त्यांनी माफी मागितली आणि पोराला सोडलं. सत्तरी ओलांडलेला, स्टेडियमला ज्याचं नाव आहे असा माणूस विशीतल्या पोराची माफी मागतो, हे मी तरी आपल्याकडच्या कुठल्या सरांना करताना पाहिलेलं नाही.

राहुरीकर: @विदर्भी सहमत. आणि स्टेडियमवरून आठवलं, नुसतं बिल स्नायडर नाही, 'बिल स्नायडर फॅमिली स्टेडियम' आहे ते. फॅमिली हा शब्द त्यांनीच आग्रहाने घालायला लावला.

लिटल_ॲपल: २०१७ च्या फेब्रुवारीत घशाचा कॅन्सर असल्याचं कळलं तेव्हा मी तिथेच होते, वय ७७, सगळ्यांना वाटलं आता संपलं. ट्रीटमेंट घेतली आणि तो सीझन पूर्ण कोचिंग केलं. गावात ज्याला त्याला तब्येतीचीच काळजी, स्कोअर नंतर.

परभणी_टू_कॅन्सस: मी आता शिकवतो. त्यांची १६ गोल्सची लिस्ट माझ्या केबिनमध्ये लावलीये. कमिटमेंट पहिलं, मग निःस्वार्थीपणा, मग एकजूट, जिंकायची अपेक्षा ठेवा हे पार तेराव्या नंबरला. फुटबॉल न कळणारी माझी पोरंसुद्धा परीक्षेआधी ती वाचून जातात. कुणाला हवी असेल तर मराठीत टाइप करून टाकतो उद्या.