मुलांच्या वॉर्डातला अँटिबायोटिक वापर: थिसिसला डीडीडी चालेल का?

अबोली_पी
फार्मसीचं मास्टर्स चालू आहे, विषय औषध वापर आणि औषध धोरण. आमच्याकडे सेफलोस्पोरिन गटातली काही इंजेक्शनं परवानगीशिवाय द्यायची नाहीत असा नियम नुकताच झालाय, तर नियमाआधीचे ३ महिने आणि नंतरचे ३ महिने डीडीडी (डिफाइन्ड डेली डोस, म्हणजे औषधाचा ठरवून दिलेला सरासरी रोजचा डोस; वापर किती झाला ते त्या मापात मोजतात) काढून तुलना कर असं गाईड म्हणतायत. वॉर्ड मुलांचा आहे. स्टॅटिस्टिक्स मला बेताचंच येतं. एवढ्यावर थिसिस होईल का? आणि पुढे पॉलिसीत जायचं तर आत्ता काय शिकून घेऊ?

सांख्यिकी_काका
मुलांचा वॉर्ड म्हणालीस तिथेच डीडीडी बाद. तो आकडा ७० किलोच्या मोठ्या माणसासाठी ठरवलेला असतो (पॅरासिटामॉलचा ३ ग्रॅम). सात किलोच्या बाळाला अगदी बरोबर डोस दिला तरी हिशोबात वापर चिमूटभर दिसणार, आणि एखाद्या महिन्यात जरा मोठी मुलं जास्त आली की वापर वाढल्यासारखा वाटणार, खरं तर बदललेलं काहीच नाही. डेज ऑफ थेरपी मोज, म्हणजे अँटिबायोटिक किती दिवस चालू होतं ते, डोस कितीही असो. एका दिवशी दोन अँटिबायोटिक चालू असतील तर ते दोन धरायचे, आणि बेरजेला पेशंट-डेजने (सगळ्या पेशंटचे वॉर्डातले एकूण दिवस) भागायचं. कटकट आहे, कारण स्टोअरच्या रेकॉर्डवर भागत नाही, चार्ट उघडावे लागतात.

३ महिने आधी-नंतर पण नको गं. सर्दी-तापाचा सीझन संपला की वापर आपोआप उतरतो आणि श्रेय जातं नियमाला. आधीचे निदान १२ नि नंतरचे १२ महिने घे आणि इंटरप्टेड टाइम सिरीज लाव (नियमाआधीचा महिनावार कल नि नंतरचा कल ताडून बघायची पद्धत), रिग्रेशन येत असेल तर घाबरण्यासारखं काही नाही.

फार्मा_भिडू
+१, पण फक्त बंधन घातलेलं औषध मोजू नकोस!! एक दाबलं की दुसरं वर येतं. १९९८ मध्ये छापून आलेला न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलचा अनुभव बघ, सेफलोस्पोरिन आवळल्यावर क्लेब्सिएला या जंतूचा रेझिस्टन्स (औषधाला दाद न देणं) कमी झाला पण इमिपेनेम या दुसऱ्या अँटिबायोटिकचा वापर वाढला आणि त्याला दाद न देणारा स्यूडोमोनास हा जंतू वाढला. सगळे अँटिबायोटिक घे आणि अवेअर वर्गवारीप्रमाणे (डब्ल्यूएचओने अँटिबायोटिकचे केलेले तीन गट: नेहमीची, जपून वापरायची, शेवटचा उपाय म्हणून राखलेली) अ‍ॅक्सेस, वॉच, रिझर्व्ह असे वेगळे मांड.

पॉलिसी शिकायचीय तर डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीसाठी आलेले अर्ज वाच. यादी १९७७ पासून आहे, अर्ज आणि कमिटीचे रिपोर्ट नेटवर फुकट आहेत, एखादं औषध का घेतलं नि का नाकारलं ते त्यात कळतं. कुठल्याही कोर्सपेक्षा हे भारी, माझं मत.

रात्रपाळी_सिस्टर
आकडे काढाल हो, पण परवानगीच्या फॉर्मवर लिहिलेलं निदान खरं असतं का ते कोण बघणार? परवानगी पटकन मिळावी म्हणून साध्या न्यूमोनियाचा पण सेप्सिस (अंगभर गेलेला जीवघेणा संसर्ग) होतो कागदावर. आणि रात्री परवानगी देणारा फोन उचलत नाही तेव्हा पहिला डोस लांबतो, हे मोजा आधी. ऑर्डरची वेळ आणि डोस दिल्याची वेळ दोन्ही चार्टवर असतात.

अबोली_पी
सिस्टर, हे डोक्यातच नव्हतं माझ्या 🙏 काका, नियम नवा आहे, नंतरचे १२ महिने कुठून आणू?

सांख्यिकी_काका
मग परिणाम मोजायचा नाद सोड. सिस्टर म्हणतायत तोच विषय घे: परवानगीचे किती अर्ज आले, किती मंजूर, पहिल्या डोसला किती उशीर, शिवाय डॉक्टर-नर्सेसच्या मुलाखती. मागच्या वर्षभराचे डेज ऑफ थेरपी तेवढे काढून ठेव, तुझ्यानंतर येणाऱ्याला टाइम सिरीज करता येईल. गाईडना पटवायला डीडीडीचा मुद्दा पुरेल, मुलांसाठी तो वापरू नये हे डीडीडी ठरवणाऱ्या ओस्लोच्या सेंटरच्या गाईडलाइनमध्येच आहे.