ॲक्वाटिंटमध्ये काळा टिकत नाही (युद्धावरची मालिका, जस्ताचा पत्रा)

पाणकोळी: युद्धानंतरच्या गावावर सहा प्रिंट करायचे आहेत. रेषा एचिंगच्या (ॲसिडने पत्र्यात खाल्लेल्या), अंधार ॲक्वाटिंटचा (राळेचे कण चिकटवून ॲसिडने आणलेला दाणेदार काळा). ८ मिनिटं नायट्रिक ॲसिडमध्ये ठेवूनही आकाश मळकट राखाडी येतं, प्रेतं त्यातच बुडतात. पुण्याच्या पावसात राळेच्याही गुठळ्या होताहेत. काय बदलू?

शाईवाला_सदाशिव: ८ मिनिटांमुळेच बिघडतंय. ॲसिड राळेच्या कणांखालूनही पत्रा खातं. कण सुटले की मधले उंचवटे झिजतात, शाई धरायला खाचाच उरत नाहीत. ४ मिनिटांवर थांबा, पत्रा साफ करा, पुन्हा राळ टाकून फक्त आकाशाला दुसरा चावा (ॲसिडमधली बुडी) द्या. आधी तुकड्यावर १५ सेकंद, ३० सेकंद, १, २, ४ मिनिटं अशी चाचणीची पट्टी काढा.

राळ सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, वापरताना कुटून दुपदरी मलमलच्या पुरचुंडीतून झटका. मास्क हवाच. साधारण निम्मा पत्रा झाकला की पुरे. खालून ताव द्या. पांढरे कण पारदर्शक होऊन चमकले की लगेच उचला. जास्त तापलं तर राळ वितळून सलग थर होतो, मग ॲसिड आत शिरतच नाही.

कोरा_कागद: काळा मिळाला तरी तो सगळीकडे ओतू नका. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या युद्धमालिकेतली २६ वी प्लेट नीट बघा: सैनिक दिसतच नाहीत, उजव्या कडेने फक्त संगिनींची टोकं आत येतात. गुडघे टेकलेल्या माणसांवर पडलेला उजेड म्हणजे कोरा कागद. तुमच्या प्रेतांच्या ढिगातही एखादा हात, एखादं कपाळ पहिल्या चाव्याआधीच ॲसिड अडवणाऱ्या वॉर्निशने झाका. नंतर बर्निशरने (गुळगुळीत धातूच्या अवजाराने) घासून इतका स्वच्छ पांढरा येत नाही.

उलट जर्मन चित्रकार ओटो डिक्सने १९२४ च्या युद्धावरच्या ५० प्रिंटांत ॲसिडला पत्रा कुरतडू दिला, म्हणून तिथली कातडी सडलेली वाटते. तसं हवं असेल तर तेवढ्याच भागात राळेशिवाय चावा द्या. कोरा पांढरा आणि ही कुरतड, दोन्ही एकाच प्लेटवर नको, एकमेकांना मारतात.

मोरचूद: फ्लॅटमध्ये नायट्रिक वापरत असाल तर आजच बंद करा, वाफ फुप्फुसात जाते. जस्ताला १ लिटर पाण्यात ७५ ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि ७५ ग्रॅम मीठ चालतं. वेळा वेगळ्या येतील, पट्टी नव्याने काढा. पत्र्यावर तांब्याचा लालसर गाळ साचतो आणि चावा डागाळतो, म्हणून तो मऊ ब्रशने हलकेच सारत राहा. निळा रंग उडाला की द्रावण संपलं. सिंकमध्ये ओतू नका: धुण्याचा सोडा थोडाथोडा घाला (फसफसतं), गाळ बसू द्या, गाळून वेगळा ठेवा आणि घातक कचऱ्यात द्या.