बाक्या लिहा, पानभरात होतं
1 ते 9 अंक 3×3 चौकटीत असे भरायचे की प्रत्येक ओळीची आणि स्तंभाची बेरीज 3 ने भागली जावी; अशा मांडण्या किती? त्यासाठी सगळ्या 3,62,880 मांडण्या संगणकाने तपासाव्या लागतील, असं म्हटलं जातं, ते मला पटलं नाही. अंकांऐवजी त्यांना 3 ने भागल्यावर उरणाऱ्या बाक्या लिहा: 0, 1, 2 प्रत्येकी तीनदा. तीन बाक्यांची बेरीज 3 ने भागली जाते ती तिन्ही सारख्या किंवा तिन्ही वेगळ्या असल्या तरच.

एक ओळ 0 0 0 केली की शून्यं संपली, मग उरलेल्या ओळी 1 1 1 आणि 2 2 2 च. अशा 6, उभ्या तशाच 6 (हे 6 + 6 = 12 मी आधी विसरलोच होतो), आणि लॅटिन चौरस (प्रत्येक ओळीत आणि स्तंभात 0, 1, 2 एकेकदाच) 12. एकूण 24. प्रत्येकात 1-4-7, 2-5-8, 3-6-9 आपसात फिरवले की 6×6×6 = 216 प्रकार. उत्तर 5,184, म्हणजे बरोबर सत्तरात एक. किती सुंदर आहे हे!