माळ्यावर सापडलेला व्हिडिओ गेम एलईडी टीव्हीला कसा लावायचा? (आणि बदकं का मरत नाहीत?)

तलावपाळीकर:

मंडळी, मदत हवी आहे. ठाण्यातल्या वर्तकनगरची आमची इमारत रिडेव्हलपमेंटला चालली आहे, महिनाअखेर घर रिकामं करायचंय. काल माळा उपसताना आजीचं जातं, बाबांच्या वागळे इस्टेटमधल्या कंपनीच्या १९९१ पासूनच्या डायऱ्या आणि सगळ्यात मागे, नायलॉनच्या साडीत गुंडाळलेला आमचा व्हिडिओ गेम निघाला! दिवाळी १९९६. बाबांना बोनस झाला होता आणि स्टेशनजवळच्या एका दुकानातून त्यांनी हा आणला. आईला सांगितलं, "मुलांना गणित येतं याने." आईने बाबांकडे नुसतं बघितलं होतं.

सामान असं : करडा डबा, दोन रिमोट (जॉयस्टिक म्हणा हवं तर, आमच्यात रिमोटच म्हणायचे), नारिंगी बंदूक आणि सहा कॅसेटी. त्यातल्या एकीवर '९९९९ इन १' लिहिलंय. त्यात खरे गेम किती होते ते ज्याने ज्याने खेळलंय त्याला माहीत आहे. वीसनंतर तोच रोड फायटर तिसऱ्या लेव्हलपासून, तोच रणगाडा वेगळ्या नावाने.

अडचणी अशा :

अडॅप्टर लावला की लाल दिवा लागतो, पण टीव्हीवर काही नाही. आमचा टीव्ही आता ४३ इंची एलईडी. मागे अँटेनाचं भोक आहे, एव्हीचंही आहे.

एकदा मध्येच चित्र आलं, पण सगळे आकडे-अक्षरं विस्कटलेली. कॅसेट काढून फुंकर मारली, परत लावली, मग तेही गेलं.

आणि मुख्य म्हणजे मला बंदूक चालवायची आहे. लेक नऊ वर्षांची आहे, तिला बदकं मारायच्या गेममधला, नेम चुकला की हसणारा तो कुत्रा दाखवायचाय. तेव्हा दुसऱ्या रिमोटची पिन काढून तिथे बंदूक खोचायची, एवढं आठवतंय. धाकटी बहीण तोवर माझा रिमोट मांडीवर घेऊन निमूट बसायची. एरवी तिच्या वाट्याला दुसरा रिमोट, ज्यावर स्टार्टचं बटणच नव्हतं. मी हवं तेव्हा गेम थांबवायचो आणि पाणी प्यायला जायचो. ती नाही थांबवू शकायची. आता लिहिताना जरा वाईट वाटतंय.

---

फक्त_वाचक:

मोबाइलवर इम्युलेटर (जुने गेम चालवणारं ॲप) टाका, पाच मिनिटांत सगळे गेम. डबा भंगारवाल्याला. एवढी खटपट कशाला?

---

खटपट्या_वाशी:

वरच्या साहेबांचं बरोबर आहे, फक्त त्यांनी प्रश्न वाचलेला नाही.

तलावपाळीकर, आधी फुंकर बंद. आपण सगळ्यांनी मारली, मीही मारली, पण काम करत होती ती फुंकर नव्हे. कॅसेट काढून परत बसवल्यावर पिना नव्या जागी टेकतात, म्हणून चालायची. तोंडातल्या ओलाव्याने तांब्यावर हिरवट थर मात्र धरतो. त्यात तुमची कॅसेट तीस पावसाळे बघितलेली. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळेल. कानकाडी त्यात बुडवून पिनांवर पुसा, काडी काळी होईल, बदला, पुन्हा पुसा. पाच-सहा काड्या लागतील. अगदी जिद्दी डाग असेल तर शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हाताने. पॉलिश पेपर लावलात तर माझ्याशी बोलू नका.

अक्षरं विस्कटली म्हणजे डबा जिवंत आहे. मशीन कॅसेटमधून चित्रांचे तुकडे वाचतं, एखादी पिन टेकली नाही की चुकीचे तुकडे उचलतं. ही चांगली खूण समजा.

अडॅप्टर : जुना असेल तर मल्टिमीटरने व्होल्ट तपासा. डब्याच्या मागे किती व्होल्ट आणि पिनच्या मध्यभागी प्लस की मायनस ते छापलेलं असतं. जपानी फॅमिकॉममध्ये (तुमच्या डब्याचं मूळ मशीन) मध्यभागी मायनस असायचा, नकली डब्यांत कधी असा कधी तसा. अंदाजाने दुसरा अडॅप्टर खोचू नका. उलटा गेला तर आतली चिप जाऊ शकते.

हो, नकलीच. वाईट वाटून घेऊ नका. निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला. आपल्याकडे घरोघरी आले ते त्याचे तैवान-चीनमध्ये बनलेले जुळे. माझाही तसलाच होता, वर छापलेलं नाव वेगळं, आतला जीव तोच. आणि त्या जीवाची ताकद बघा : पहिला सुपर मारिओ अख्खा ४० किलोबाइटचा. मामा सकाळी पाठवतात तो गुलाबाचा सुप्रभात फोटो त्याहून मोठा असतो. जागा वाचवायला मारिओमधले ढग आणि झुडपं एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय. एकदा कळलं की परत न दिसता राहत नाही.

टीव्ही : अँटेनाच्या भोकात लावणार असाल तर मेनूत ॲनालॉग सर्च करा, डिजिटल शोधून काही मिळायचं नाही. डब्याला पिवळी आणि पांढरी पिन असेल तर एव्हीत लावा, चित्र जास्त साफ येईल. लाल पिन शोधू नका, आवाज एकाच बाजूचा असतो.

आता बंदूक. इथे मी तुम्हाला निराश करणार. ती गोळी मारत नाही, बघते. घोडा ओढला की गेम स्क्रीन क्षणभर पूर्ण काळी करतो, आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा तुकडा असतो. आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला तरच बदक मेलं. (म्हणूनच बल्बवर नेम धरून लबाडी करणाऱ्यांचं जमत नसे. मीही केली होती.) आपल्या पद्धतीच्या टीव्हीत एक चित्र म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. जुन्या, ट्यूबवाल्या डब्बा टीव्हीत चित्र तिथल्या तिथे उमटायचं. एलईडी टीव्ही ते आधी घेतो, मोठं करतो, घासतो-पुसतो आणि मग दाखवतो. तोवर गेमने बंदुकीला विचारून झालेलं असतं. म्हणजे बदकं मरणार नाहीत, कुत्रा मात्र हसत राहील.

डब्बा टीव्हीच लागेल. आणि मिळाला तर मागचं झाकण उघडू नका, प्लग काढल्यावरही आत विजेचा जीवघेणा दाब राहतो.

जाता जाता एक विचारतो. बंदूक दुसऱ्या पिनला आणि पहिला रिमोट बहिणीच्या मांडीवर, बरोबर? एक-एक बदक येणाऱ्या गेममध्ये त्या रिमोटने बदक हलवता येतं. गेममध्येच तशी सोय आहे. तुमचे नेम फार चुकायचे का हो?

---

कोपरीकर_वहिनी:

अहो, आमच्याकडे सासूबाईंचा १४ इंची डब्बा टीव्ही आहे! कोपरीत, तळमजला. केबल गेल्यापासून त्यावर फुलदाणी ठेवतो. चालू आहे, गणपतीत लावून बघितला होता. न्या हो, पैसे नकोत, फुलदाणी ठेवून जा. फक्त दुपारी २ ते ४ येऊ नका, सासूबाई झोपतात.

आमच्याकडे रणगाड्याचा गेम चालायचा, खाली विटांच्या आत गरुड असतो तो. मी आणि माझा भाऊ शत्रूचे रणगाडे सोडून एकमेकांना गोळ्या घालायचो. आपल्या रणगाड्याची गोळी लागली की माणूस मरत नाही, जरा वेळ गोठतो. तो गोठला की मी गरुडाच्या विटा फोडून ठेवायचे. खटपट्या, याचाही काही हिशेब असेल तर सांगू नका.

---

खटपट्या_वाशी:

वहिनी, नाही सांगत.

---

तलावपाळीकर:

अपडेट.

सात कानकाड्या काळ्या झाल्या. सहापैकी चार कॅसेटी चालू. अडॅप्टर ठीक निघाला. एव्हीवर मारिओ लख्ख आला, लेकीला ढग आणि झुडपं दाखवली. तिने आईला बोलावून दाखवली, आईने शेजारणीला.

टीव्ही शनिवारी आणला. वहिनी आणि त्यांच्या सासूबाई दोघींचे आभार, चहा फार छान होता. रिक्षावाल्याने कोपरी पुलावर विचारलं, "बिघडलाय का?" म्हटलं नाही. मग तो घरापर्यंत गप्प होता. चौदा इंच म्हणजे केवढासा, असं म्हणत तीन जिने चढलो, आज पाठीला बाम लावून लिहितोय.

बहिणीला फोन करून रिमोटचं विचारलं. पलीकडे आधी शांतता, मग इतकं हसली की भाऊजींनी फोन घेतला. "आत्ता कळलं का दादा तुला?" १९९७ च्या मे महिन्यात तिला हे सापडलं होतं, बटणाशी चाळा करताना. दोन वर्षं कुणाला बोलली नाही. मी बंदूक कपाळाला लावून "याचा नेमच वाकडा आहे" म्हणायचो आणि ती मान हलवायची.

रविवारी ती खारघरहून आली. चपला काढल्या, आईशी बोललीही नाही, सतरंजीवर बसली आणि पहिला रिमोट मांडीवर घेतला. दहापैकी तीन बदकं मारली मी. पुढे जायला सहा लागतात. कुत्रा वर आला.

लेक म्हणाली, "आता मी आत्याच्या बाजूने."